विमान म्हातारे केव्हा होते?

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडच्या हवाई तळावर मिग-२१ विमानाला निरोप देण्यात आला. १९६३ साली ते भारतीय हवाई दलात आले होते. म्हणजे बासष्ट वर्षांची नोकरी झाली. त्यानंतर काही दिवसांनी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात विमानांविषयी बोलण्याचे आम्हाला बोलावणे आले. तेथील भौतिकशास्त्राच्या बाईंनी आदल्या दिवशी मुलांना 'रंग दे बसंती' हा चित्रपट दाखवून ठेवला होता. हेतू असा की पाहुणे येण्यापूर्वी विषयाची थोडी ओळख व्हावी. आमचे बोलणे संपले, नेहमीचे दोन-चार प्रश्न झाले आणि मग अकरावीतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “माझे आजोबा विमानाच्या कारखान्यात फिटर होते. त्यांनी बनवलेली विमाने वाईट होती का?”

आम्ही काहीतरी उत्तर दिले. “नाही, तसे नसते,” अशा छापाचे. घरी परतताना आमचे आम्हालाच ते पटेना. मग चित्रपट पुन्हा पाहिला आणि निरोपाच्या आठवड्यातली वर्तमानपत्रेही काढून वाचली. नाशिकच्या मुलीने हा प्रश्न विचारावा याला कारण आहे. हिंदुस्थान एरॉनॉटिक्सचा नाशिक विभाग १९६४ मध्ये मिग-२१ बांधण्यासाठीच ओझरला सुरू झाला. एंजिने ओरिसातील कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला आणि विमानाचा सांगाडा व अंतिम जोडणी ओझरला, अशी विभागणी होती. पाचशेहून अधिक मिग-२१ आणि पुढे दीडशेहून अधिक मिग-२७ येथून बाहेर पडली. गावाच्या नावाला तर 'ओझर मिग' अशी शेपटीच लागली.

चित्रपट २००६ सालचा, राकेश ओमप्रकाश मेहरा यांचा. कथा बहुतेकांना माहीत आहे. एक तरुण वैमानिक मिग-२१ कोसळून मरतो. वस्तीवर विमान पडू नये म्हणून तो शेवटपर्यंत ते सोडत नाही. संरक्षणमंत्री (हे काम आपल्या मोहन आगाशे यांनी केले आहे) दोष वैमानिकावर ढकलतो. मित्रांना कळते की निकृष्ट सुटे भाग घेण्याच्या व्यवहारात पैसे खाल्ले गेले आहेत. मोर्चा, लाठीमार आणि अखेर मंत्र्याची हत्या. चित्रपट म्हणून त्याची पकड जबरदस्त आहे, आम्हालाही दुसऱ्यांदा पाहताना घसा दाटून आला. त्यातला राग खोटा नाही. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडल्यावर मिग विमानांचे सुटे भाग मिळवणे खरोखरच जिकिरीचे झाले होते. अपघातानंतर 'वैमानिकाची चूक' हा शेरा घरच्यांच्या जिव्हारी लागतो, हेही खरे.

आमची तक्रार दुसरीच आहे. दोन-अडीच तासांच्या या चित्रपटात विमान का पडले, हे शोधण्याची क्रिया कोठेच नाही. अवशेष गोळा करणारा माणूस नाही, तुटलेल्या पात्याचा कडा भिंगाखाली पाहणारा नाही, की 'अजून सांगता येत नाही' असे म्हणणारा नाही. कारण आयते हाती येते, तेही एकच आणि नैतिक. कोणीतरी पैसे खाल्ले, म्हणून विमान पडले. या तर्कात आजोबांची जागा आपोआप ठरते. विमान वाईट होते, म्हणजे ते बनवणाऱ्याचे हातही वाईट.

आता वर्तमानपत्रे. वर्षानुवर्षे ज्या विमानाला 'उडती शवपेटी' म्हटले, त्यालाच निरोपाच्या दिवशी 'आकाशाचा शूर शिलेदार' म्हणण्यात आले. दोन्ही शब्दांच्या मागे मोजमाप नाही. एक आकडा मात्र सगळीकडे फिरतो. मे २०१२ मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले होते की घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ विमानांना १९ एप्रिल २०१२ पर्यंत अपघात झाले आणि त्यांत १७१ वैमानिकांचा मृत्यू झाला. हा आकडा सर्व प्रकारच्या मिग विमानांचा आहे; निरोपाच्या लेखांतून तो कधी तसाच, तर कधी एकट्या मिग-२१ च्या नावावर आलेला आम्ही पाहिला. १७१ ही संख्या लहान नाही आणि ती लहान करून दाखवण्याचा आमचा हेतूही नाही. पण शिक्षकाने विचारायचा पहिला प्रश्न असा की, भागिले किती? किती वर्षांत, किती उड्डाण-तासांत? जे विमान पन्नास वर्षे सर्वांत जास्त संख्येने आणि सर्वांत जास्त उडाले, त्याचे अपघात संख्येने जास्त असणारच. हवाई दल स्वतः अपघातांचे प्रमाण दर १०,००० उड्डाण-तासांमागे मोजते. संरक्षण मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार संपूर्ण हवाई दलासाठी ते २०००–२००५ या काळात ०.९३ होते, तर २०१७–२०२२ मध्ये ०.२७ झाले. शेवटची मिग-२१ या दुसऱ्या काळातही उडतच होती, आणि पहिल्या काळापेक्षा वयाने मोठी होती.

दुसरी तुलना याहून बोलकी आहे. पश्चिम जर्मनीने १९६० च्या सुमारास अमेरिकी बनावटीची एफ-१०४ ही अगदी नवी कोरी विमाने घेतली. ९१६ पैकी २९२ गेली आणि ११६ वैमानिक मेले. त्या विमानाला तिकडे 'विधवा करणारे' असे नाव पडले. ती विमाने जुनी नव्हती. लहान पंख, उतरताना मोठा वेग आणि एकच एंजिन हे मिग-२१ शी असलेले त्याचे साम्य पाहण्यासारखे आहे. शिवाय उंचावरून झेपावण्यासाठी बनवलेल्या विमानाला जमिनीलगत बाँबफेकीच्या कामाला जुंपले गेले, त्यासाठी वैमानिकांची तयारी अपुरी होती.

आपल्याकडेही तेच झाले. मिग-२१ उतरते ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेगाने. शिकाऊ वैमानिकाला संथ विमानावरून थेट त्याच्यावर बसवायचे तर मधली पायरी हवी. १९८२ मध्ये ला फाँटेन समितीने प्रगत प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस केली. हॉक विमानांचा करार झाला २००४ मध्ये, आणि ती दलात आली २००८ मध्ये. मधली सव्वीस वर्षे तरुण मुले मिग-२१ वरच शिकत होती. चित्रपटकाराला मंत्र्यांवर राग काढायचाच होता, तर पैसे खाण्याच्या कल्पित कथेपेक्षा ही फाईल हलण्याची खरी कथा जास्त भयंकर होती. पण सव्वीस वर्षे पडून राहिलेल्या कागदावर गोळी कशी झाडणार?

असो. मूळ प्रश्नाकडे येऊ. विमान जुने होते म्हणजे काय होते?

स्कूटरच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, 'इतके किलोमीटर किंवा इतके महिने, जे आधी होईल ते'. विमानाचे आयुष्यही असेच दोन घड्याळांवर मोजतात. पहिले घड्याळ उड्डाणांचे. प्रत्येक उड्डाणात पंख वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. धातूला हा ताण एकदा सहज पेलतो, हजार वेळाही पेलतो. पण रिव्हेटच्या भोकाच्या कडेला एखादी सूक्ष्म भेग सुरू होते आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर ती केसभर पुढे सरकते. याला धातूचा शीण म्हणतात. आउगुस्ट व्होलर या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर हे प्रथम पद्धतशीर मोजले.

वर्गात हे दाखवायला विमान लागत नाही. ऑफिसातली जेम क्लिप घ्या. ती सरळ करून एका जागी काटकोनात वाकवा, परत सरळ करा आणि तुटेपर्यंत मोजा. मग दुसरी क्लिप फक्त पंचेचाळीस अंशांपर्यंत वाकवा. तिसरी तीस. वाकवण्याचा कोन आडव्या अक्षावर आणि तुटण्यापूर्वीच्या फेऱ्या उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. कोन निम्मा केला की फेऱ्या दुप्पट होत नाहीत, त्याहून पुष्कळच वाढतात, हे मुलांच्या लगेच ध्यानात येते. मात्र चाळीस मुलांनी एकाच डबीतल्या क्लिपा काटकोनात वाकवल्या तरी चाळीस उत्तरे वेगवेगळी येतात. मुले म्हणतात, 'सर, प्रयोग चुकला.' प्रयोग चुकलेला नसतो. एकाच डबीतल्या क्लिपांचे आयुष्य सारखे नसते, आणि म्हणूनच विमानाचे आयुष्य ठरवताना सरासरीवर विसंबता येत नाही. सर्वांत आधी तुटणाऱ्या क्लिपेचा विचार करावा लागतो. हा फरक बाईंनी फळ्यावर नीट दाखवला, तर आमच्या व्याख्यानाची गरज नाही.

१९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये कॉमेट जातीची दोन नवी प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तेव्हा फार्नबरो येथे एक अख्खे कॉमेट पाण्याच्या प्रचंड टाकीत ठेवून त्याच्या आत पाण्याचा दाब पुन्हापुन्हा वाढवला व उतरवला गेला. पाणीच का? हवा दाबली की तिच्यात ऊर्जा साठते आणि फुटताना बाँबसारखा स्फोट होतो. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. भेग पडली की नुसते गळते आणि तिची सुरुवात कोठे झाली ते जागच्या जागी पाहता येते. सुमारे ३,००० फेऱ्यांनंतर ते फाटले. विमान नवे होते, पण त्याच्या घड्याळावर वेळ संपली होती.

दुसरे घड्याळ दिनदर्शिकेचे. विमान हँगरमध्ये उभे असले तरी रबराची सीले कडक होतात, तारांवरचे आवरण तडकते, सांध्यांत ओल जाऊन गंज धरतो. दोन्ही घड्याळे एकदम पुढे गेली तर काय होते ते २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर दिसले. एकोणीस वर्षांच्या एका बोइंग ७३७ चे पुढचे छतच उडून गेले. बेटाबेटांमधल्या छोट्या फेऱ्या मारून त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती, आणि तीही समुद्राच्या खाऱ्या हवेत.

उलट बाजूला अमेरिकेचे बी-५२ हे बाँबफेकी विमान आहे. पहिले उड्डाण १९५२ चे, शेवटचे विमान बांधले १९६२ मध्ये, आणि ते २०५० नंतरही उडवण्याचा बेत आहे. तीन-तीन पिढ्यांनी चालवलेले विमान म्हणून त्याचे कौतुक छापून येते. पण त्याची किंमत कशी मोजली गेली हे क्वचितच येते. उंचावरून जाण्यासाठी बनवलेले हे विमान पुढे रडार चुकवण्यासाठी जमिनीलगत उडवायचे ठरले आणि तेथल्या खळबळत्या हवेने त्याचा सांगाडा शिणू लागला. तो ताण मोजण्यासाठी उपकरणे लावून उडालेल्या एका बी-५२ चे जवळजवळ सगळे उभे शेपूट १० जानेवारी १९६४ रोजी वाऱ्याच्या तडाख्याने तुटून गेले. वैमानिकांनी ते तशाच अवस्थेत उतरवले. मोजायला गेले आणि मोजमाप असे हाती आले! त्यानंतर सांगाडे बळकट केले गेले, पत्रे बदलले गेले. आता २०२१ मध्ये निवडलेली नवी एंजिने बसवण्याचे काम चालू आहे.

एंजिन हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण आपल्या आधुनिकीकरणाची दुखरी बाजू तीच होती. भारतीय हवाई दलाचे खरे बाँबफेकी विमान म्हणजे कॅनबेरा. १९६१ मध्ये दाभोळीवर हल्ला करायला ती पुण्याहूनच उडाली होती आणि २००७ मध्ये निवृत्त झाली. जमिनीवरील लक्ष्यांवर बाँब टाकण्याचे काम पुढे ज्यांनी केले, त्यांत ओझरचे मिग-२७ होते. २००० नंतर त्यांतली ४० विमाने नवी करण्याचे ठरले आणि सुधारलेले पहिले विमान २००४ मध्ये उडाले. नवे संगणक, काचेवर उमटणारी माहिती, उपग्रहाच्या साहाय्याने दिशादर्शन, लेझरने लक्ष्य दाखवणारी यंत्रणा हे सारे आले, आणि जुळवणीचे बरेचसे काम भारतीय प्रयोगशाळांनी केले. मिग-२१ ची 'बायसन' ही आवृत्तीही याच जातीची. १२५ विमाने, नवे रडार, नवी क्षेपणास्त्रे.

हे काम म्हणजे नुसती दुकानातली खरेदी नसते. एक जुना डबा काढून हलका नवा बसवला की विमानाचा गुरुत्वमध्य सरकतो. नव्या उपकरणाच्या विद्युतचुंबकीय लहरी जुन्या तारांत शिरतात. संगणकाने एखादा आकडा अर्धा सेकंद उशिरा दाखवला तर ताशी ९०० किलोमीटरने जाणारे विमान तेवढ्यात सव्वाशे मीटर पुढे गेलेले असते. म्हणून प्रथम प्रयोगशाळेतल्या टेबलावर, मग जमिनीवर उभ्या विमानात, मग हवेत, अशा क्रमाने प्रत्येक जोडणी तपासावी लागते.

पण जुन्या नाशकातल्या वाड्यात नवी वायरिंग केली, ट्यूबलाइट लावली, म्हणून पावसाळ्यात भिंत धरून राहत नाही. मिग-२७ आणि बायसन दोन्हींचे एंजिन जुन्याच पद्धतीचे राहिले, आणि एकच. मिग-२७ ला वेगळे एंजिन लावण्याची चर्चा झाली, ती तडीस गेली नाही. बाँबफेकीसाठी खालून उडणाऱ्या एक-एंजिनी विमानाचे गणित मुलांना करून पाहायला द्यावे. उड्डाणानंतर वेग सेकंदाला १०० मीटर असताना एंजिन बंद पडले, तर सगळी गतिज ऊर्जा उंचीत बदलूनही फार तर ५०० मीटर मिळतील. तेही वेग शून्य करून. आणि शून्य वेगाचे विमान म्हणजे दगड. म्हणजे प्रत्यक्षात हाती काही लागत नाही, खुर्चीसह बाहेर पडण्यापुरती काही सेकंदे उरतात. २७ मे १९९९ रोजी कारगिलमध्ये फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चे एंजिन रॉकेटे सोडताच बंद पडले, कारण रॉकेटांचा तप्त धूर हवेबरोबर आत ओढला गेला. त्यात म्हातारपणाचा संबंध नव्हता आणि कोणत्याही नव्या संगणकाने ते एंजिन चालू ठेवले नसते. २७ डिसेंबर २०१९ रोजी जोधपूरला सुधारलेली मिग-२७ ही निवृत्त झाली.

तेव्हा 'आधुनिकीकरण' हा शब्द वाचला की काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे दोन रकाने करावेत. बातमीत पहिलाच रकाना असतो.

चाचणीचे भाग्यही असेच. सुखोई-३० विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचे ब्राह्मोस क्षेपणास्त्र लावण्यासाठी ओझरला विमानात बदल केले गेले. त्याचे पहिले उड्डाण २५ जून २०१६ रोजी तेथूनच झाले. बंगालच्या उपसागरावर प्रत्यक्ष डागले गेले ते २२ नोव्हेंबर २०१७ रोजी. दोन्ही दिवशी मथळे आले. मधल्या सतरा महिन्यांत काय चालले होते याविषयी जवळजवळ काही नाही. आमच्या दृष्टीने विज्ञान त्या सतरा महिन्यांत होते. एवढे ओझे लटकल्यावर सांगाडा कोणत्या कंपनसंख्येने थरथरतो? सुटताना अडीच टन एकदम कमी झाले की विमान किती उसळते? क्षेपणास्त्र आधी नुसते खाली पडू देतात आणि विमानापासून दूर गेल्यावरच त्याचे एंजिन पेटते. ते पडताना वाऱ्याने फिरून वर आदळणार नाही, याची खात्री कशी करतात? अकरावीच्या पुस्तकातील न्यूटनचा तिसरा नियम अजूनही बंदूक आणि गोळी यांवर अडला आहे. त्याला इतके जवळचे उदाहरण वीस किलोमीटरवर घडले.

चित्रपटाला आणि वर्तमानपत्रांना इतके बोलल्यावर सरकारी पक्षालाही बोलले पाहिजे. प्रवासी विमान पडले की चौकशीचा अहवाल प्रसिद्ध होतो आणि कोणीही वाचू शकतो. लढाऊ विमान पडले की चौकशी होते, बहुधा कसोशीने होते, पण अहवाल बाहेर येत नाही. त्यातला डावपेचांचा भाग झाकावा, हे समजू शकते. परंतु टर्बाइनचे पाते शिणले की पक्षी आत गेला, यात शत्रूला कळण्यासारखे असे काय आहे? अहवाल नसला की त्या जागी चित्रपट येतो. राकेश मेहरा यांनी शोधाची क्रिया दाखवली नाही, हा आमचा आक्षेप आम्ही मागे घेत नाही, पण दाखवायची तर ती त्यांना पाहायला कोठे मिळणार होती, हेही विचारले पाहिजे.

पुढच्या महिन्यात त्या मुलीच्या घरी जाण्याचा योग आला. आजोबा पंचाहत्तरीचे, हात अजून घट्ट. आम्ही क्लिपेचे, कॉमेटचे सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “ते आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलं होतं.” कपाटातून त्यांनी एक जुनी वही काढून दाखवली. केलेल्या प्रत्येक कामाखाली सही, आणि तपासनिसाच्या शिक्क्याचा क्रमांक. कोणता भाग, कोणत्या विमानाचा, कोणत्या तारखेला, हे सगळे कारखान्याच्या कागदांत असतेच, पण ते स्वतःसाठीही टिपून ठेवत.

“विमान पडलं की त्याचे सगळे कागद त्याच दिवशी सीलबंद होतात,” ते म्हणाले. तक्रार म्हणून नव्हे, पद्धत सांगावी तसे. “मग आम्ही पेपरात विमानाचा नंबर आला आहे का बघायचो. नंबर छापत नसत. मग वहीतलं कुठलं पान बघायचं तेच कळायचं नाही.”

मुलगी वही उलटीपालटी करत होती. काही पानांवर तारखेसमोर पेन्सिलीने बारीक खुणा होत्या. त्या कशाच्या, असे तिने विचारले तेव्हा आजोबांनी वही तिच्या हातून घेतली आणि चहा झाला का, ते पाहायला आत गेले.